बाळंतिणीचा सव्वा महिना



आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हसूं येईल. उभा जन्म मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत घालविलेला एक म्हातारा मास्तर, आणि त्यानें बाळंतिणीच्या तेल-शेकावर बोलावें! परंतु राजेरजवाड्यांच्या सनावळी मुलांकडून पाठ करवून घेतांना मला एक गोष्ट नेहमीं खटकत असे. ज्या खोलींत प्रत्येक राजा जन्मला आणि त्याची सारी रयतही जन्मली, त्या खोलीचा इतिहास आमच्या क्रमिक पुस्तकांत कोठेंच नव्हता. तो थोडासा आज सांगावा असें मनांत आहे.

शहरांतून हल्लीं नव्या आईनें आपल्या देहाची काळजी कशी घ्यावी याची मोठी चर्चा चालते. मालिश करणारी बाई महिन्याच्या बोलीनें ठरवितात, पोटाला बांधावयाचा पट्टा दुकानांतून आणतात, सुवासिक तेलांच्या बाटल्या भेटीदाखल येतात. या गोष्टींत वाईट कांहींच नाहीं. आणि तशा त्या नव्याही नाहींत. नवें आहे तें एवढेंच कीं, ही काळजी आतां आईनें स्वतः घ्यावयाची असते. पूर्वीं ती इतरांनीं घ्यावयाची होती.

माझें लहानपण चांदा जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत गेलें. चांद्याला चंद्रपूर हें नांव १९६४ सालीं मिळालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा त्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा हा अरण्यप्रदेश एकाच जिल्ह्यांत मोडे. त्या खेड्यांतली बाळंतिणीची खोली मला अजून स्पष्ट आठवते. घराच्या आंतल्या बाजूची अंधारी खोली, दाराला गोणपाटाचा पडदा, एक बाज, आणि बाजेजवळ निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी देत. सकाळीं सुईण येई. ती तेल कोमट करी. ज्याच्या घरीं जें असेल तें, तिळाचें किंवा जवसाचें, आणि जंगलाकडच्या घरांतून मोहाच्या बियांचें. हें मोहाचें तेल थंडींत लोण्यासारखें थिजतें, म्हणून वाटी आधीं निखाऱ्यावर धरावी लागे. तळपायांपासून आरंभ करून मांड्या, कंबर, पाठ आणि हात असें क्रमाक्रमानें मर्दन झालें कीं कढत पाण्याचें स्नान. स्नानानंतर जुन्या लुगड्याच्या पट्टीनें पोट आंवळून बांधीत आणि बाळंतिणीला झोंपवीत. खाण्यास धावड्याच्या डिंकाचे लाडू, मेथी, खोबरें, गूळ. गरिबाघरीं भाताची ऊन पेज. हा क्रम सव्वा महिना चाले.

ही रीत किती जुनी असावी? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सूतिकेला, म्हणजे बाळंतिणीला, बला तेलाचा अभ्यंग करावा आणि वातहर औषधांचे काढे द्यावे असें सांगितलें आहे. आणि दीड महिना असे उपचार झाल्यावर तिचें सूतिका हें नांव सुटतें असें म्हटलें आहे. चरकसंहितेंत पोटाला तूप-तेल चोळून तें मोठ्या वस्त्रानें वेढण्याचा विधि आहे. काश्यपसंहिता हा तर मुख्यत्वें बालकांच्या आणि बाळंतिणींच्या चिकित्सेचाच ग्रंथ. त्याची खंडित पोथी नेपाळांत सांपडली आणि १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या खेड्यांतल्या सुइणीला यांपैकीं एकाही ग्रंथाचें नांव ठाऊक नव्हतें. पण लुगड्याची पट्टी ती चरकानें सांगितल्याप्रमाणेंच बांधीत होती. ग्रंथावरून लोकांनीं घेतलें कीं लोकांचें पाहून ग्रंथकारांनीं लिहिलें, हा वाद मी पंडितांवर सोंपवितों.

आपल्याच देशाला हें सुचलें असा अभिमान मात्र कोणीं बाळगूं नये. चीनमध्यें प्रसूतीनंतरचा महिना बसून काढण्याची चाल जुनी आहे. मलायांत बाळंतिणीचें मर्दन करून तिच्या पोटाला लांबलचक पट्टा गुंडाळतात. मेक्सिकोंत या काळाला चाळीस दिवसांवरूनच नांव पडलें आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या या लोकांनीं साधारण एकच मुदत ठरवावी, यांत देवाधर्मापेक्षां शरीराचाच भाग अधिक असला पाहिजे. आजचें वैद्यकशास्त्रही बाळंतपणाची मुदत सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस धरतें. सुश्रुताचे पंचेचाळीस दिवस, आजीबाईचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे बेचाळीस दिवस यांत फारसें अंतर नाहीं.

आतां या रिवाजाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर मी जुन्याचा भाट ठरेन. बाळंतिणीला वेगळी खोली मिळे ती दयेपोटीं मिळे असें नव्हे. घरांत सोयेर असे, तिचा विटाळ मानीत, आणि म्हणून तिला चुलीपासून व पाण्यापासून दूर ठेवीत. गडचिरोलीच्या दक्षिणेस भामरागड-एटापल्लीकडे माडिया समाजांत पाळीच्या दिवसांत बायकांना गांवच्या कडेच्या कुर्माघरांत राहावें लागतें, त्या चालीच्या मुळाशीं हाच विटाळ आहे. दूर लोटलेली बाई कामापासूनही सुटते, आणि अशा रीतीनें अपमानाच्या पोटांतून तिला विसांवा मिळत असे. दुसरी गोष्ट माझ्या हजेरीपटानें मला शिकविली. चौथींतली एखादी हुशार मुलगी एकाएकीं शाळेंत येईनाशी होई. चौकशी करावी तों उत्तर येई, "घरी बाळंतीण आहे, गुरुजी." आईनें निजावें म्हणून दहा वर्षांची मुलगी पाणी भरी आणि धाकट्यांना सांभाळी. कित्येक मुली सव्वा महिन्यानंतरही परत येत नसत. आईच्या विश्रांतीची किंमत घरांत कोणाला तरी द्यावीच लागते, आणि पुष्कळदां ती सर्वांत लहान खांद्यावर पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. सुईण ज्या हातांनीं तेल लावी, त्याच हातांनीं ती प्रसूतिही करी, आणि ते हात नेहमीं स्वच्छ असत असें नाहीं. यांत एकट्या हिंदुस्थानचीच लाज नाहीं. १८४७ सालीं व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला दिसून आलें कीं, प्रेतें चिरून थेट प्रसूतिगृहांत येणाऱ्या वैद्यविद्यार्थ्यांच्या हातांनींच बाळंतिणींना जीवघेणा ताप येतो. त्यानें त्यांना चुन्याच्या क्लोरिनयुक्त पाण्यानें हात धुण्यास लावलें, आणि मृत्यूंची संख्या झपाट्यानें उतरली. तरीसुद्धां पुष्कळ वर्षें त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. आपल्याकडे आनंदीबाई जोशी यांचें पहिलें मूल त्यांच्या चौदाव्या वर्षीं जन्मलें आणि दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्या अमेरिकेस जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढल्याच वर्षीं त्यांचा अंत झाला, आणि दोन्ही विद्या एकत्र आणण्याचें काम राहून गेलें. १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं सुइणींना शिकविण्यासाठीं व्हिक्टोरिया स्मारक निधि काढला. १९२७ सालीं कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईनें 'मदर इंडिया' या पुस्तकांत आमच्या सुइणीचें असें कांहीं चित्र काढलें कीं सारा देश खवळला. खवळण्यास कारण होतें. पण रागाच्या भरांत, सुईण नक्की काय जाणते आणि काय जाणत नाहीं, हें शांतपणें पाहण्याचें बहुतेकांच्या मनांत आलें नाहीं.

तें मला पाहावें लागलें तें १९८८ च्या पावसाळ्यांत. मी त्या वेळीं धानोरा तालुक्यांतल्या एका लहानशा गांवीं शिक्षक होतों. आमच्या दुसऱ्या मुलीचा जन्म तेथेंच झाला. नदी-नाले भरलेले, माहेर दूर, म्हणून गांवच्याच सुइणीनें बाळंतपण केलें. रोज सकाळीं ती तेलाची वाटी घेऊन येई. सहाव्या दिवशीं तिनें माझ्या पत्नीच्या पोटरीवर हात ठेवला आणि तसाच उचलला. मग कपाळाला लावला, पोटाला लावला. तेल तसेंच ठेवून ती बाहेर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, आज मी हात नाई लावत. हा दुधाचा ताप नाई. दवाखान्यात न्या, आताच."

मीं तापमापक लावून पाहिला नव्हता. तो माझ्याजवळ नव्हताच. बैलगाडी जोडली, एका ओढ्याचें पाणी उतरण्यासाठीं दोन तास कांठावर बसलों, आणि संध्याकाळीं तालुक्याच्या गांवीं पोंचलों. गर्भाशयांत जंतूंचा संसर्ग झाला होता. इंजेक्शनें सुरू झालीं आणि माझी पत्नी वांचली. तेथील डॉक्टर म्हणाले कीं आणखी दोन दिवस घरीं शेकत बसलां असतां तर कठीण होतें. त्याच महिन्यांत जवळच्या टोल्यावर एका घरीं अगदीं तसेंच झालें होतें. तेथेंही ताप आला, पण तेथें शेगडींतले निखारे वाढविले, अंगावर आणखी एक घोंगडी घातली, तेल दोनदां लावलें, आणि थंडी बाधली असें म्हणत चार दिवस वाट पाहिली. त्या घरची दोन मुलें माझ्या शाळेंत होतीं. तेरवीनंतर तीं शाळेंत आलीं तेव्हां त्यांना काय शिकवावें तें मला कळेना.

तेल तेंच, शेगडी तीच. एके ठिकाणीं हात थांबला, दुसरीकडे थांबला नाहीं. पुढें मीं पुष्कळ विचार केला तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, मर्दनानें माझ्या पत्नीचा रोग मुळींच बरा झाला नव्हता. तो मर्दनानें बरा होणाराच नव्हता. पण पांच दिवस रोज त्या देहावरून फिरलेल्या हातालाच सहाव्या दिवसाची ऊब निराळी लागली. बाळंतिणीला रोज कोणीतरी जवळ बसून हात लावून पाहत होतें, हाच त्या रिवाजाचा सर्वांत मोठा गुण होता. शेक आणि तेल यांनीं ठणका कमी होतो, झोंप येते, मन निवतें. पण ताप, रक्तस्राव आणि पू यांवर त्यांचा इलाज नाहीं.

हें नुसतें माझें मत राहिलें नाहीं. १९८६ सालीं डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था काढली. १९८९ सालीं त्यांनीं 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत दोन गांवांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वीं कधीं अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या शेंकडा ८ होत्या. डॉ. राणी बंग यांनीं 'कानोसा' या पुस्तकांत या बायकांची दुखणीं मांडलीं, तर 'गोईण' या पुस्तकांत झाडाझुडपांशीं असलेलें त्यांचें नातें आणि त्यांचें ज्ञान टिपून ठेवलें. अडाणी म्हणून ज्यांना हिणविलें त्यांच्याजवळ विद्या आहे, आणि त्याच मुकाट्यानें सोसतही आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीनें नोंदविल्या गेल्या.

पुढें त्याच संस्थेनें ३९ गांवांतून नुकतीच जन्मलेलीं बालकें घरच्या घरीं सांभाळण्याचा प्रयोग केला. गांवांतल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकविलें, सुइणींनाही हाताशीं घेतलें. १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तिसऱ्या वर्षीं पहिल्या महिन्यांतले बालमृत्यु शेंकडा ६२ नीं घटले होते. ही कीर्ति जगभर गेली. पण त्याच गांवांतल्या बाळंतिणींविषयींचा एक निबंध २००४ सालीं आला, त्याची वार्ता मात्र थोड्यांच्याच कानीं पडली. त्यांत ७७२ बाळंतिणींकडे घरोघरीं जाऊन नोंदी घेतल्या होत्या. प्रसूतीनंतरच्या दिवसांत शेंकडा ४२.९ बायकांना कांहीं ना कांहीं विकार झाला. स्तनांचीं दुखणीं शेंकडा १८.४, उशिराचा रक्तस्राव १५.२, जननमार्गाचा संसर्ग १०.२, आणि झोंप न येणें ७.४. प्रसूतिवेदनांपासून धरलें तर सुमारें शेंकडा ३५ बायकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. त्या दिवसांत या जवळजवळ सर्व घरांतून तेल-शेक होत असणार! माझी पत्नी त्या संख्येंत नव्हती, पण तो आंकडा वाचतांना तो ओढ्याचा कांठ मला पुनः दिसला.

त्यानंतर काळ पालटला. २००५ सालीं जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या आल्या, आणि प्रसूति घरांतून रुग्णालयांत गेली. दूरच्या पाड्यांवरच्या गरोदर बायकांना आधींच येऊन राहतां यावें म्हणून आरोग्यकेंद्राजवळ 'माहेरघर' उभें राहिलें. नांव ज्यानें सुचविलें त्याला बायकांचें मन कळत असलें पाहिजे. यांत झालें तें फार चांगलें झालें. प्रसूति रुग्णालयांतच व्हावी यांत मला तिळमात्र शंका नाहीं. परंतु रुग्णालय बाईला दोन-तीन दिवसांत घरीं पाठवितें. सुइणीचें काम सुटलें, तिची विद्या तिच्याबरोबर म्हातारी झाली, आणि मधले पस्तीस-चाळीस दिवस कोणाच्याच ताब्यांत राहिले नाहींत. २०११ पासून आशा कार्यकर्तीनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं घरीं जावें असा नियम आहे, आणि हा नियम गडचिरोलीच्याच प्रयोगांतून निघाला. त्या भेटींत बाळाचें वजन होतें, ताप पाहतात. आईचीही विचारपूस करावयाची असते. पण बाळाच्या कौतुकांत आई मागें पडते, हा घरोघरचा अनुभव तेथेंही येतो. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें, प्रसूतीच्या दिवसाची तपासणी सोडून सहा आठवड्यांत आईला आणखी निदान तीनदां तपासावें, असें सर्व देशांना सांगितलें. आमची सुईण तिला रोज पाहत असे, एवढें स्मरण ठेवलें तरी पुरे.

पाश्चात्यांनींही आमच्याकडून अर्धेंच उचललें. फ्रेडरिक लबॉयर या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानें कलकत्त्यांत एका आईला आपल्या बाळाला तेल लावतांना पाहिलें आणि १९७६ सालीं 'शांताला' हें पुस्तक लिहिलें. त्यावरून बालकांचें मर्दन तिकडे लोकप्रिय झालें. त्या बाळाच्या आईच्या पाठीला तेल कोण लावतें, हा प्रश्न मात्र मागेंच राहिला.

तेव्हां शहरांतल्या श्रोत्या भगिनींना माझें थोडेंच सांगणें आहे. तेल खुशाल लावून घ्या. कोणतें तेल, यावर भांडूं नका; हात हळुवार आणि धुतलेला असावा. पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या जागेला डॉक्टरांच्या अनुज्ञेवांचून चोळूं नये आणि आंवळूं नये. एकच पाय सुजून दुखत असेल तर तो कदापि रगडूं नये. आंत रक्ताची गांठ असूं शकते. बंद खोलींत निखाऱ्यांची शेगडी ठेवूं नये. तिचा विषारी वायु डोळ्यांना दिसत नाहीं. आणि ताप, दुर्गंधी स्राव, अतिरिक्त रक्त, झटके, असह्य डोकेदुखी यांपैकीं कांहीं दिसलें तर वाटी खालीं ठेवून दवाखाना गांठावा. पुरुष श्रोत्यांना इतकेंच कीं, सव्वा महिन्याची विश्रांति ही बायकोनें स्वतः मिळवावयाची वस्तु नव्हे. ती आपण पाणी भरून, रात्रीं मूल घेऊन बसून तिला द्यावयाची आहे. आणि त्यासाठीं घरांतल्या मुलीची शाळा बुडवावयाची नाहीं.

ओढ्याच्या कांठीं कापडांत गुंडाळून मीं जिला मांडीवर घेऊन बसलों होतों, ती आमची मुलगी कांहीं वर्षांपूर्वीं नागपुरास स्वतः आई झाली. तिच्याकडे मालिश करणारी एक तरुण बाई येई. कामांत चलाख, पण एका घरून दुसऱ्या घरीं जाण्याच्या घाईंत. माझी पत्नी रोज सकाळीं तिच्याशेजारीं पाट घेऊन बसे. तेल, पैसे, वेळ यांविषयीं ती कधीं बोलली नाहीं. रोज एकच प्रश्न विचारी, "बाई, आज अंग कसं लागतं तुझ्या हाताला?" पहिले दोन दिवस ती बाई हसली. तिसऱ्या दिवसापासून ती हात ठेवून, क्षणभर थांबून, मगच उत्तर देऊं लागली.